पिराच्या उतारावरची होडी

गुरुवारी पहाटे साडेपाचला राजारामपुरीतून गाडी बाहेर काढली तेव्हा माझ्या फोनमध्ये तीन तिकिटं होती आणि डोक्यात स्वतःच्या हुशारीचं कौतुक. असा माणूस प्रवासाला निघाला की समजावं, आज कुणाचं तरी वाटोळं होणार. हे मला आता कळतंय. त्या पहाटे मी शीळ घालत होतो.

जायचं होतं जिल्ह्याच्या पार टोकाला, अभयारण्यातून नदीपलीकडं. नदीचं नाव मी लिहीत नाही, अभयारण्याचंही नाही. लिहिलं की पुढच्या शनिवारी तुमच्यातले निम्मे तिथं जाऊन फोटो काढणार, आणि फोटो काढणाऱ्यांची तिथं आता काही कमतरता नाही. एवढंच सांगतो, की नदी मोठी आहे, धरणानं ती आणखी फुगवली आहे आणि दोन्ही काठांना दाट रान आहे. रानात गवे आहेत, पाण्यात मगरी आहेत आणि पलीकडच्या टेकाडावर एक पीर आहे.

आधी शिरोलीला उलटा हेलपाटा. तिथल्या एमआयडीसीत माझं पॅटर्नचं दुकान आहे. फौंड्रीत वाळूचा साचा उठवायला जो लाकडी नमुना लागतो त्याला आम्ही पॅटर्न म्हणतो. हे काम मला शिकवलं दस्तगीर मिस्त्रींनी. वय चौऱ्याहत्तर, पेन्सिल अजून कानावर, आणि माझ्या कामातली एक गोष्ट त्यांना अजून बरोबर दिसत नाही. पांढरी टोपी, धुतलेला सदरा घालून ते घराच्या दारात उभे होते. हातातल्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला हिरवा गलेफ (पिराच्या थडग्यावर घालायची चादर) होता.

“साडेपाच म्हणला हुतास,” गाडीत बसता बसता ते म्हणाले.

“साडेपाचला निघालो होतो, मिस्त्री.”

“निघाला असशील. मी दारात हुतो.”

मिस्त्रींचं गाव आंबेघोल. गाव म्हणायचं ते सवयीनं. धरण झालं, पाणी चढलं, खालची शेतं बुडाली. पाठोपाठ वरच्या रानाचं अभयारण्य झालं आणि उरलेली घरंही उठवली. राहिला फक्त टेकाडावरचा पीर आणि त्याच्याभोवतीचं कबरस्तान. पीर मुसलमानांचा, पण पहिल्या गलेफाचा मान पाटलांच्या घराचा. पाटलांनी गलेफ डोक्यावरून आणायचा आणि मुजावरांनी, म्हणजे मिस्त्रींच्या घरानं, तो घालायचा. एकाशिवाय दुसऱ्याचं होत नाही. उरूस होळीनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी. धरणाआधी नदीला पाणी असलं की या काठची माणसं काहिलीत (गुळाचा रस कढवायची भलीमोठी लोखंडी कढई) बसून पलीकडं जायची. धरणानंतर पात्र एवढं रुंद झालं, की काहिलीचं काम राहिलं नाही. मग मिस्त्रींनी सागवानी फळ्यांची होडी बांधली. चाळीस माणसं चार खेपांत पलीकडं जायची.

गाव उठवताना अभयारण्याच्या कचेरीतल्या कुणा जुन्या साहेबानं एक कागद करून दिला होता. ग्रामस्थांनी वर्षातून एक दिवस, आपल्या होडीनं, आपल्या उतारावरून (नदी ओलांडायची ठरलेली जागा) पिराला जावं. अट एकच, वहिवाट सलग पाहिजे. नाक्यावर एक वही ठेवलेली. दर वर्षी तिच्यात एक ओळ पडायची, ‘आंबेघोलचे ग्रामस्थ पिराला जाऊन आले’, आणि खाली सही. एक वर्ष खंड पडला की परवानगी संपली. हळूहळू चाळीसांचे वीस झाले, विसांचे सात झाले. गेल्या वर्षी दोघंच होते, मिस्त्री आणि पाटलांच्या अक्काताई. पण ओळ पडली होती. ओळीत माणसं मोजत नाहीत.

यंदा होळीच्या आधी मिस्त्री दुकानात आले होते. “होडीच्या दोन फळ्या सुटल्यात. शनवार-रविवार चल माझ्यासंगं. काथ्या भरू, डांबर मारू. दोन दिवसांचं काम हाय. माझ्या एकट्याच्यानं हुईना आता.”

माझ्याकडं पंपाच्या पॅटर्नचं काम अडकलं होतं. खरं सांगायचं तर काम तेवढं अडकलं नव्हतं. दोन दिवस उन्हात डांबर ढवळायचा मला कंटाळा आला होता. मी म्हणालो, “मिस्त्री, कशाला तो ताप? तिथं आता बोटिंग सुरू झालंय. मोटारबोट हाय. फोनवर बुकिंग होतं. साहेबासारखं बसा आणि जाऊन या.”

त्यांनी रंध्याच्या पात्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “वहीत ओळ पडंल न्हवं?”

“पडणारच की. गेलो म्हणजे गेलो. होडीनं गेलो काय आणि बोटीनं गेलो काय.”

हे मी म्हणालो. माझ्याच तोंडानं.

बिद्रीच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. हंगाम संपत आला होता, तरी दोन-दोन ट्रेलर भरभरून ऊस कारखान्याकडं सरकत होता आणि हवेत मळीचा वास होता. तिथल्याच एका वसाहतीत अक्काताई पाटील रस्त्याच्या कडेला येऊन थांबल्या होत्या. अडुसष्ट वर्षांच्या, ठेंगण्या, नऊवारीतल्या. आवाज असा, की मला काच खाली करायची गरज पडली नाही.

“किती वेळ झाला उभा ऱ्हायलोय मी, इलास. पाय गेलं माझं.” (आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही आलो-गेलोच म्हणतात. परगावच्या वाचकांनी दचकू नये.) गाडीत बसल्यावर त्यांच्या मांडीवर स्टीलचा मोठा डबा होता. त्यात मलिदा, म्हणजे चपात्या कुस्करून गूळ आणि तूप घालून केलेला पिराचा नैवेद्य.

पुढं एका फाट्यावर मी कटवडा खाल्ला. तर्री झणझणीत होती, वडा कालचा असावा. ते दोघं गाडीतच बसून राहिले. गलेफ चढेपर्यंत त्यांचा उपास असतो, पाणीसुद्धा नाही. मी दुसरा वडा मागवला तेव्हा अक्काताई खिडकीतून म्हणाल्या, “खा बाबा, खा. सोय करून दमलास तू.” मला ते कौतुक वाटलं.

घाट लागला तशी ऊन-सावली सुरू झाली. करवंदीला पांढरी फुलं होती, जांभळींना कोवळी पालवी. जागोजागी पाट्या, ‘गव्यांचा वावर, वाहने सावकाश हाका’. वीस-पंचवीस वळणं झाल्यावर एकदम खाली पाणी दिसलं. निळंकरडं आणि प्रचंड रुंद. काठाला लाल मातीचे थर, एकाखाली एक, पाणी कसकसं उतरत गेलं ते दाखवणारे. मधे बुडालेल्या झाडांचे वाळके बुंधे उभे होते आणि त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून बसले होते. देखणी जागा आहे, हे मला कबूल केलंच पाहिजे. राग आला म्हणून डोळे काही फुटत नाहीत.

नाक्यावर आता सिमेंटची कमान आहे. सिमेंटचीच, पण लाकडाचा रंग दिलेली. पॅटर्नवाल्याला असली गोष्ट लांबूनच टोचते. कमानीशेजारच्या खिडकीत गार्ड बसला होता. पन्नाशी ओलांडलेला, मिशा पांढऱ्या, चष्म्याला दोरा. माझ्याकडं बघून म्हणाला, “पावणं, बुकिंग हाय?”

मी ऐटीत फोन पुढं केला. त्यानं यंत्र लावलं, ते टुँ करून वाजलं. मग त्यानं माझ्यामागं बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. “मिस्त्री? औंदा होडी न्हाय काढली?”

“न्हाय. ह्या इलासनं सोय केलीया. वही कुठाय?”

गार्डनं ड्रॉवर उघडला. आत एक लांबोडकी, जाड पुठ्ठ्याची वही दिसली. त्यानं माझ्या फोनकडं बघितलं, वहीकडं बघितलं आणि ड्रॉवर पुन्हा लोटला. “आल्यावर बघू की. आधी बोट सुटंल.”

तिथंच मी थांबायला पाहिजे होतं. पण दुसरा वडा पोटात, आणि मी हुशार.

पुढं पिशव्या तपासायचं टेबल. तिथल्या पोरसवदा पोरीनं नम्रपणे सगळं बाहेर काढायला लावलं. अगरबत्ती चालणार नाही, आगीचा धोका. नारळ चालणार नाही. डबा उघडून तिनं विचारलं, “हे काय आहे, आजी?”

“मलिदा. पिराचा.”

“पर्यटकांना खाद्यपदार्थ नेता येत नाहीत. जनावरं येतात वासानं.”

“मला न्हाय खायचा. पिराला घालायचा हाय.”

“नियम आहे, आजी. परत येताना घेऊन जा.”

मी मधे पडलो, आवाज चढवला. गार्ड खिडकीतून उठून आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “असं बघा पावणं, ही माणसं दर साली येत्यात. मी कधी डबा उघडून बघितला न्हाय. गेल्या साली मीच मलिदा खाल्लाय. पण तवा ती गावाच्या लायनीतनं आलती. ह्या लायनीला ह्यो नियम हाय.” डबा टेबलाखाली गेला. अक्काताईंनी झाकणावरून एकदा हात फिरवला आणि पुढं चालायला लागल्या.

बोटीला दहा मिनिटं होती. मिस्त्री उताराकडं गेले, मी मागोमाग. तिथं करंजाखाली त्यांची होडी पालथी पडली होती. डांबर उन्हानं तडकलेलं, बुडाशी दोन फळ्यांमधे बोट जाईल एवढी फट. ते खाली बसले आणि बोटाच्या पेरानं फळीफळीवर टकटक करत कान लावून ऐकू लागले. दुकानात नवीन लाकूड आलं की ते असंच करायचे. “सागवान अजून जितं हाय,” मला बघून म्हणाले. “दोन दिवसांचं काम हुतं.” मी घड्याळ दाखवलं.

बोट फायबरची, केशरी रंगाची, वर पत्रा. आम्हाला फुगीर जाकिटं घातली. पांढरी टोपी आणि सदऱ्यावर नारिंगी जाकीट घातलेले मिस्त्री अवघडून बसले होते, हात कुठं ठेवावेत ते त्यांना सुचेना. आमच्याबरोबर आणखी दोन कुटुंबं होती, सुट्टीवर आलेली, चांगली माणसं. पुढं माईक घेतलेला गाईड. त्यानं पाणकावळे दाखवले, एका बुंध्यावरची मोरघार दाखवली, आणि मगर दिसली नाही त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

मधे पोचल्यावर मिस्त्री एकदम म्हणाले, “आता नदीवर आलो.”

मी बघितलं तर चारी बाजूंना धरणाचं सारखंच पाणी. ते म्हणाले, “वरनं कळत न्हाय. खालनं अजून नदी हाय. हात घाल, गार लागंल.” आणि त्यांनी स्वतः वाकून हात पाण्याकडं नेला. दर वर्षी होडीतून जाताना ते असंच करत असणार. मोटार चालवणारा मागून ओरडला, “ओ काका, हात आत. मगर हाय.” मिस्त्रींनी हात आत घेतला आणि कोरडाच मांडीवर पुसला.

पलीकडच्या काठाला नवा धक्का झालाय. उतरल्यावर गाईडनं सांगितलं, चाळीस मिनिटं, दोरीच्या पलीकडं जायचं नाही. लाकडी फळ्यांच्या वाटेनं तो आम्हाला एका मोकळ्या जागी घेऊन आला. तिथं दगडी जोतं, एक उंबरा, मोडकं उखळ. शेजारी पाटी, ‘प्राचीन वस्तीचे अवशेष’. गाईड माईकमधे सांगू लागला, “इथं फार पूर्वी कुणी आदिम लोक राहत असावेत. हे उखळ बघा. ते यात रानटी धान्य कांडत असतील.”

“रानटी न्हाय, घनसाळ,” अक्काताई म्हणाल्या.

“काय म्हणालात, आजी?”

“घनसाळ तांदूळ. वास घरभर सुटायचा. आणि आदिम न्हाय, पाटील. ह्या उंबऱ्यावरनं मी माप लवंडून आत आलो.”

दोन्ही कुटुंबं पाटी सोडून अक्काताईंकडं बघू लागली. मग त्यातल्या एका बाईनं हसून विचारलं, “आजी, तुमचा इथं एक फोटो काढू?” तिच्या मनात वाईट काही नव्हतं. अक्काताई उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, फोटो काढू दिला. मला त्या बाईच्या हातातला फोन पाण्यात भिरकावून द्यावासा वाटला. पण तसाच एक फोन माझ्याही खिशात होता, आणि आम्ही इथं त्याच्या जोरावर आलो होतो.

पिराची वाट दोरीच्या पलीकडून जात होती. मी गाईडला बाजूला घेतलं आणि खरं काय ते सांगितलं. त्यानं माईक बंद केला, मान खाजवली. “मला म्हायतच न्हवतं काका. तुम्ही बुकिंगमधनं आला न्हवं? बुकिंगच्या माणसाला पलीकडं सोडलं तर माझी नोकरी जाईल.” मग दोरीकडं बघत, “मी ह्या लोकांना पक्षी दाखवायला तिकडं नेतोय. पंधरा मिनिटं. मी काय बघितलं न्हाय.”

अशा रीतीनं आंबेघोलचे मुजावर आणि पाटील आपल्याच पिराला दोरीखालून वाकून गेले. मिस्त्रींचा गुडघा वाकत नाही. मी दोरी वर उचलून धरली आणि ते अंग चोरून, कुणी बघतंय का ते बघत पलीकडं झाले. हा माणूस आयुष्यात कधी कुणाच्या फळीचा तुकडा न विचारता उचलणारा नाही.

चढ थोडा होता. वरच्या मोकळ्यावर पोचलो आणि अक्काताईंनी एकदम माझी बाही धरली. कबरींच्या पलीकडं, जांभळीखाली एक गवा उभा होता. एकटा, काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. आम्हाला बघून त्यानं फक्त नाकातून हवा सोडली. आम्ही जाग्यावर थिजलो. अक्काताई हलकेच म्हणाल्या, “त्येला बघा कुठं बुकिंग लागतंय.” थोड्या वेळानं तो वळला आणि घाई न करता रानात गेला. बघितलं तर पिराच्या चौथऱ्याचा एक कोपरा गव्यांनी अंग घासून घासून गुळगुळीत केला होता. मिस्त्री म्हणाले, “त्येचीबी वहिवाट हाय.”

मग जे झालं ते पाच मिनिटांत झालं, आणि अख्ख्या दिवसात तेवढंच खरं होतं. मिस्त्रींनी टोपीनं चौथरा झाडला. अक्काताईंनी गलेफ डोक्यावर घेतला आणि तीन वेढे घातले. मिस्त्रींनी तो त्यांच्या डोक्यावरून उचलून थडग्यावर पसरला, चारी कोपरे ताणून सारखे केले, पॅटर्नच्या फटी बुजवायला पोटीन (लांबी) लावल्यावर करायचे तितक्याच काळजीनं. अगरबत्ती नव्हती, मलिदा नव्हता. अक्काताईंनी पदराच्या गाठीतून गुळाचा एक खडा काढला. तपासणीत तो कुणाला सापडला नव्हता. त्याचे तीन तुकडे झाले. उपास सुटला.

निघताना मुजावरानं पिराला शब्द द्यायचा असतो. ती तिथली रीत. शब्द दिल्याशिवाय पाठ फिरवायची नाही, आणि एकदा दिला की मागं वळून बघायचं नाही. मिस्त्रींनी थडग्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “फुडच्या साली येतो, बाबा.” मग आम्ही खाली उतरलो.  मनात म्हणालो, बघा, सगळं झालं की नाही नीट?

अलीकडच्या काठाला उतरलो तेव्हा अकरा वाजत आले होते. अक्काताईंनी डबा सोडवला. मिस्त्री सरळ खिडकीपाशी गेले. “वही द्या.”

गार्डनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “बसा, मिस्त्री.”

“बसत न्हाय. ओळ लिवा, म्या सही करतो.”

“कशी लिवू?” गार्ड म्हणाला. “तुमची तिघांची नावं हितं कॉम्प्युटरात हायत. पर्यटक म्हणून. वेळ, बोट, समदं वर गेलंय. तीच माणसं वहीत ग्रामस्थ म्हणून कशी दावू? पलीकडं गावाची होडी गेलीच न्हाय. होडी त्या करंजाखाली हाय. उद्या कुणी आलं, बघितलं, तर मी काय सांगू?”

“आरं मी जाऊन आलो की!” अक्काताईंनी पाय पुढं केला. “ह्यो चिखल बघ. ह्यो काय हितला हाय?”

“आक्का, मला दिसतंय. पण हे लिवायचं कुठं?”

मी भांडलो. जेवढं येत होतं तेवढं सगळं बोललो. म्हणालो, तिकिटं रद्द करा, आमची नावं काढून टाका. तो म्हणाला, रद्द करायची मुदत काल संध्याकाळी संपली. मी म्हणालो, मग रकाना कोरा ठेवा, आम्ही वर अर्ज करतो. तो म्हणाला, कोरा ठेवता येत नाही, आजच्या आज अहवाल जातो. आणि मग मला म्हणाला, आवाज न चढवता, “पावणं, सकाळी ही माणसं नुसती दारात येऊन हुबी राह्यली असती आणि म्हणली असती, होडी गळती हाय, पर आमी आलोय, तरीबी मी ओळ लिवली असती. तुमी यंत्र वाजवलंसा.”

मी फोन खिशात घातला. 

मिस्त्रींनी वही स्वतःकडं ओढली आणि पानं मागं उलटू लागले. प्रत्येक वर्षाची एक ओळ, शाई वेगळी, अक्षर वेगळं, वाक्य तेच. सुरवातीच्या पानांवर सह्यांच्या जागी अंगठे होते. एका अंगठ्यावर ते थांबले. “ह्यो बाचा,” म्हणाले. मग वही गार्डकडं सरकवली. गार्डनं पट्टी ठेवून तारीख घातली आणि तिच्यापुढं लिहिलं, ‘निरंक’. म्हणजे सरकारी मराठीत, कुणीही नाही.  अक्षर चांगलं आलं.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. मलिद्याचा डबा अक्काताईंनी मांडीवर घेतला होता. तो कुणी उघडला नाही. घाट उतरला, ऊसवाल्यांची रांग पुन्हा लागली, आणि तिथं थांबलेलो असताना काचेजवळ लावलेला माझा फोन वाजला. मिस्त्रींनी पुढं वाकून, अक्षर लावत, मोठ्यानं वाचलं, “‘आपला नदीसफारीचा अनुभव कसा होता? कृपया तारे द्या.’”

फोन तसाच उजळलेला राहिला.

“दे की,” मिस्त्री म्हणाले.

“मिस्त्री, मला माफ करा. मी अर्ज करतो, वकील बघतो, मी...”

“इलास, तुला पयल्या दिवशी काय शिकवलं हुतं? नमुना चुकला की माल समदा चुकतो. मग किती का घासंना.” ते बाहेर बघत होते. “माझं जाऊ दे. मी बाबाला फुडच्या साली येतो म्हणून सांगून आलोय. थडग्यावर हात ठेवून. तू मला खोटा पाडलास.”

अक्काताई त्यांच्या वसाहतीपाशी उतरल्या. एरवी दारात आलेल्या माणसाला चहाशिवाय सोडायच्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी डब्यातला मलिदा ओंजळभर काढून मिस्त्रींच्या हातात दिला, आणि डबा घेऊन आत गेल्या.

मी अर्ज केला. दोन महिन्यांनी उत्तर आलं. भाषा सभ्य होती. यंदा ग्रामस्थांची नोंद निरंक असल्यानं वहिवाटीत खंड पडला असून जुनी परवानगी आपोआप संपुष्टात आली आहे. तथापि पीरस्थान पाहू इच्छिणाऱ्यांनी पर्यटक म्हणून नोंदणी करून दोरीपर्यंतच्या सुविधेचा लाभ घ्यावा. मिस्त्रींनी कागद वाचला, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. दुकानात ते अजून येतात. माझ्या कामातल्या चुका मात्र काढत नाहीत. एखादा कोन तिरका गेला तरी बघतात आणि पुढं जातात. याच्यापेक्षा त्यांनी चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पाऊस लागायच्या आधीच्या शनिवारी मी एकटाच तिकडं गेलो. गार्डनं मला ओळखलं, पण अडवलं नाही. उतारावर होडी तशीच पालथी होती. जुना काथ्या खरवडून काढला, नवा ठोकून ठोकून भरला, सुटलेल्या फळ्यांना नवे खिळे मारले. दुसऱ्या दिवशी डांबर तापवून दोन हात दिले. संध्याकाळी गार्डला बोलावून तिला दोघांनी पाण्यात लोटलं. तासभर बघत बसलो, एक थेंब आत आला नाही. मग आम्ही ती ओढून काढली आणि करंजाखाली पुन्हा पालथी घातली.

खरंच दोन दिवसांचंच काम होतं.